हजरत आयेशा यांची साक्ष

पैगंबर मुहम्मद यांचे इ.स. ६३२ मध्ये मदिनेत निधन झाले, ते त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या खोलीत. आयेशा या पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या. पुढे सुमारे ४६ वर्षे त्या जगल्या आणि पैगंबर घरात काय बोलत, कसे वागत, हे विचारायला येणाऱ्यांना सांगत राहिल्या. त्यांच्या नावावर २,२१० हदीस नोंदल्या आहेत.

परंतु केवळ पाठांतर म्हणजे परंपरा जपणे नव्हे! कोर्टात आम्ही साक्षीदाराला आधी विचारतो, तू स्वतः पाहिलेस काय? आयेशांनी हाच निकष पैगंबरांच्या भल्याभल्या सहकाऱ्यांना लावला. नमाज पढणाऱ्यासमोरून कुत्रा, गाढव किंवा स्त्री गेली तर नमाज मोडते, असे सांगितले जाऊ लागले. स्त्रीला जनावरांच्या रांगेत बसवणारे हे कथन त्यांनी खोडून काढले. पैगंबर रात्री नमाज पढत तेव्हा आपण त्यांच्यासमोरच आडव्या असायचो, हा त्यांचा रोकडा पुरावा होता. चौदाव्या शतकात झरकशी या विद्वानाने त्यांच्या अशा दुरुस्त्यांचा स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला.

६५६ मध्ये बसऱ्याजवळच्या उंटाच्या लढाईत त्या हजरत अलींच्या विरोधी बाजूला होत्या. पराभव झाला, त्या मदिनेला परतल्या. राजकारण सुटले, पण शिकवणे सुटले नाही. ६७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या छायेत वाढलेली शिष्या म्हणजे अमरा बिन्त अब्दुर्रहमान. अमरांचा भाचा अबू बक्र बिन हझम मदिनेचा न्यायाधीश झाला. लोखंडी कड्या चोरल्याबद्दल त्याने एका नबाती माणसाला कैद केले आणि त्याचा हात तोडायचे ठरवले. अमरांनी दासीकरवी भर लोकांत निरोप धाडला की, पाव दिनार किंवा त्याहून जास्त किमतीच्या चोरीलाच ही शिक्षा आहे. हा दंडक त्या आयेशांकडून शिकल्या होत्या. न्यायाधीशाने त्या माणसाला सोडून दिले. पुढे खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (कारकीर्द ७१७ ते ७२०) यांनी याच न्यायाधीशाला अमरांजवळच्या हदीस लिहून काढण्याचे फर्मान दिले.

एका बाईने लक्षात ठेवले, दुसरीने वेळेवर सांगितले, म्हणून एका परक्या माणसाचा हात वाचला. बाईच्या शब्दाला किंमत नाही असे म्हणणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, हा खटला आधी वाचावा.