वादळाच्या पुढे धावलेली तार

पावसाळ्यात घराबाहेर पडण्याआधी आपण मोबाइलवर रडारचं चित्र बघतो. ढग कुठे आहेत, किती वेळात डोक्यावर येणार, सगळं समोर. ही कल्पना ज्याच्या टेबलावर जन्मली त्याच्याकडे ना रडार होतं ना कॉम्प्युटर. होती फक्त टेलिग्राफची तार.

रॉबर्ट फिट्झरॉय. जन्म १८०५, इंग्लंडमधल्या सफोकचा. डार्विनला जगभर फिरवून आणणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हाच तो कॅप्टन. बहुतेकांना तो एवढाच माहीत असतो. या जहाजाच्या आधीच्या कॅप्टनने एकटेपणाला कंटाळून स्वतःला संपवलं, तेव्हा अवघ्या तेविसाव्या वर्षी फिट्झरॉयकडे सूत्रं आली. माणूस हुशार, शिस्तीचा, पण भयंकर तापट. पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला आणि दोनच वर्षांत परत बोलावला गेला.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला हवामानाची एक छोटीशी कचेरी दिली. काम काय, तर जहाजांच्या नोंदी गोळा करून तक्ते बनवायचे. थोडक्यात, कारकुनी!

मग २५ ऑक्टोबर १८५९ उजाडला. मेलबर्नहून सोनं आणि माणसं घेऊन निघालेलं ‘रॉयल चार्टर’ जहाज लिव्हरपूलच्या अगदी जवळ आलं होतं. त्या रात्री वेल्समधल्या अँगलसीच्या खडकांवर ते फुटलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभराहून जास्त जहाजं बुडाली.

फिट्झरॉयला एक गोष्ट खटकली. हे वादळ आधी दक्षिणेच्या किनाऱ्यावर थडकलं होतं आणि मग उत्तरेकडे सरकलं. वादळाला पोहोचायला काही तास लागतात, तारेला काही मिनिटं. मग दक्षिणेची बातमी उत्तरेला आधी का पोहोचू नये?

त्याने पंधरा ठिकाणं तारेने लंडनशी जोडली. रोज सकाळी तिथून हवेचा दाब, तापमान आणि वारा कळवला जायचा. आकडे एकत्र मांडले की वादळ कुठे आहे ते दिसायचं. धोका वाटला तर उलटी तार बंदरांना. तिथे डोलकाठीवर कॅनव्हासचे शंकू आणि ढोल चढायचे. शंकूचं टोक वर म्हणजे उत्तरेचं वादळ, खाली म्हणजे दक्षिणेचं. रात्री कंदील. निरक्षर खलाशालाही कळावं, अशी ही सोय. आपल्या कोकणात बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लावतात ना, ती याच घराण्यातली पद्धत!

पहिला इशारा फेब्रुवारी १८६१ मध्ये गेला. त्याच वर्षी १ ऑगस्टला ‘टाइम्स’मध्ये पहिला रोजचा अंदाज छापून आला. ‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानासाठी त्यानेच रुळवला. भविष्य सांगणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, याची त्याला फार काळजी होती.

पण अंदाज चुकायचे. पंधरा ठिकाणांच्या जोरावर चुकणारच की! पेपरवाले खिल्ली उडवू लागले, शास्त्रज्ञ म्हणाले याला सिद्धांतच नाही, तारांच्या खर्चावरून कुरकुर झाली. १८६४ मध्ये ‘टाइम्स’ने अंदाज छापणंच बंद केलं. खरं तर बरोबर ठरलेला इशारा मोजायचा कसा? बंदरातच थांबलेल्या आणि म्हणून न बुडालेल्या जहाजाची बातमी होत नाही.

कर्ज वाढलं होतं, तब्येत ढासळली होती, जुनं नैराश्य परतलं होतं. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. स्वतःचे पैसे त्याने सरकारी कामांत ओतले होते. मागे राहिलेल्या कुटुंबासाठी निधी गोळा करावा लागला.

एका समितीने त्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि १८६६ च्या अखेरीस वादळाचे इशारे बंद झाले. तेव्हा ओरड झाली ती बंदरांतून. समुद्रावर जाणाऱ्यांना ते शंकू परत हवे होते. वर्षभरात, १८६७ मध्ये, ते पुन्हा डोलकाठीवर चढले.