ज्यांच्या नावावरून ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द आला, ते एल्ब्रिज गेरी कोण होते?

सत्ताधारी पक्षानं स्वतःच्या सोयीनं मतदारसंघांच्या सीमा आखल्या, की अमेरिकेत त्याला ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. हा शब्द एल्ब्रिज गेरी यांच्या आडनावावरून आला.

गेरी यांचा जन्म 1744 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या बंदराच्या गावात झाला. घरचा व्यापार सुक्या माशांचा. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. 1787 मध्ये मात्र नव्या राज्यघटनेवर त्यांनी सही केली नाही. त्यात नागरिकांच्या हक्कांची हमी नाही, हा त्यांचा एक मोठा आक्षेप होता. ही हमी 1791 मध्ये घटनेत आली.

1810 मध्ये ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. फेब्रुवारी 1812 मध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षानं राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्यानं आखले. गेरींना हे फारसं पटलं नव्हतं असं सांगतात, पण विधेयकावर त्यांनी सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बोस्टनच्या एका वृत्तपत्रानं त्याला पंख आणि नखं लावून राक्षसाचं व्यंगचित्र छापलं. ‘गेरी’ आणि पालीसारखा दिसणारा ‘सॅलमँडर’ जोडून त्याचं नाव ठेवलं.

त्या वर्षी सिनेटसाठी फेडरलिस्ट पक्षाला मतं जास्त मिळाली, तरी 40 पैकी 29 जागा गेरींच्या पक्षाकडे गेल्या. गव्हर्नरची निवड मात्र अख्ख्या राज्याच्या मतांवर व्हायची. तिथे सीमांचा उपयोग नव्हता. गेरी हरले.

1813 मध्ये ते देशाचे उपाध्यक्ष झाले आणि 1814 मध्ये पदावर असतानाच वारले. हक्कांसाठी न केलेली सही आज फार कमी लोकांना माहीत आहे. लक्षात राहिली ती 1812 ची.