महामहोपाध्याय मिराशी

वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म १८९३ साली कोकणात झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे संस्कृत शिकविले.

‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे सरगुज्यातील रामगढ, असे काही विद्वान मानीत. मिराशींच्या मते तो नागपूरजवळचे रामटेक होय. परंतु नुसते मत म्हणजे युक्तिवाद नव्हे; दिलेल्या आधारांतून निष्कर्ष निघावा लागतो. काव्यातील मेघास उत्तरेकडे जाताना नर्मदा लागते. रामटेकहून ती वाटेत येते, रामगढहून येत नाही. काव्यातील रामगिरीवर रामाची पदचिन्हे आहेत. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटातही रामगिरिस्वामीच्या चरणांचा निर्देश आहे, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन रामटेकजवळच होती. असे आधार मिराशींनी जुळविले.

१९८५ साली ते निवर्तले. मतामागे आधार शोधण्याची त्यांची रीत विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावी.