व्हरांड्यातली लस

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घापासूनच धाकधूक सुरू होते, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने नाडीचे ठोके मोजणारं यंत्र बनवलं. सर्किट चाललं म्हणून आम्ही खूष. मग सरांनी किंमत विचारली आणि आमचे चेहरे पडले. मेडिकलच्या दुकानात मिळतं त्याहून आमचं महाग! हुडकेश्वरच्या पुढच्या खेड्यातला माणूस ते कशाला घेईल? त्या रात्री होस्टेलवर वाचता वाचता डॉ. वाल्देमार हाफकिन भेटले.

त्यांचा जन्म १८६० सालचा, ओडेसा शहरातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस शोधली आणि १८९२ साली आधी स्वतःला टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने त्यांना बोलावून घेतलं. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि व्हरांडा.

खरी गंमत पुढे आहे. जंतू वाढवायला त्यांनी बकऱ्याच्या मटणाचा रस वापरला आणि त्यावर चक्क तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना जंतूंच्या झुंबरासारख्या लोंब्या लटकत. भांडं हलवलं की त्या खाली पडत आणि नवीन वाढू लागत. मग उष्णतेने जंतू मारले की लस तयार. सगळं साहित्य बाजारात मिळणारं! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी हीही लस स्वतःवर घेतली. १९२५ पर्यंत मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख डोस गेले.

पण नशीब बघा. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि काम हातचं गेलं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला मात्र १९२५ पासून त्यांचंच नाव आहे. तिच्यातूनच निघालेली सरकारी कंपनी पोलिओचे थेंब बनवत आली. लहानपणी बोटाला शाई लावून घेतली, तेव्हा कदाचित तेच थेंब आपल्या तोंडात पडले असतील!

मला वाटतं, स्वस्तपणा शेवटी चिकटवता येत नाही, तो डिझाइनमध्येच लागतो. आणि नुसतं मोठं मनही पुरत नाही. इन्सुलिनचं पेटंट संशोधकांनी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं, तरी आज गरीब देशांत ते अनेकांना परवडत नाही. म्हणून कुठल्याही कॉलेजने आपलं संशोधन कंपनीला देतानाच, गरिबांसाठी किंमत किती राहील हे करारात लिहून घ्यावं.

आमचं यंत्र आम्ही परत उघडलंय. या वेळी वहीच्या पहिल्या पानावर सर्किटच्या आधी किंमत लिहिली आहे.