नटी विनोदिनी

सन 1874 मधील डिसेंबर महिना. कलकत्त्याच्या 'ग्रेट नॅशनल थिएटर' या नाट्यगृहात 'शत्रुसंहार' या नाटकाचा प्रयोग चालला होता. पडद्याआड अकरा-बारा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिची भूमिका अगदी लहान, द्रौपदीच्या एका सखीची. चार वाक्ये बोलायची आणि परत फिरायचे, एवढेच तिचे काम. पण समोरचे दिवे आणि प्रेक्षकांची ती दाटी पाहून तिचे हातपाय थरथरू लागले, छातीत धडधडू लागले. कसाबसा धीर गोळा करून तिने रंगमंचावर पाऊल टाकले, आपली वाक्ये म्हटली आणि ती परतली. तोच टाळ्यांचा कडकडाट झाला! ही मुलगी म्हणजेच पुढे बंगालभर गाजलेली अभिनेत्री विनोदिनी दासी.

विनोदिनीचा जन्म 1863 साली कलकत्त्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. घरातील खोल्या भाड्याने देऊन कुटुंबाचा चरितार्थ कसाबसा चाले. त्याच घरात गंगा नावाची एक गायिका भाडेकरू म्हणून राहत असे. तिच्यापाशी विनोदिनी गाणे शिकू लागली. पुढे घरी येणाऱ्या परिचितांनी या चुणचुणीत मुलीला नाटक कंपनीत नेले. तिला दरमहा 10 रुपये पगार मिळू लागला.

त्या काळी आपल्याकडे महाराष्ट्रात नाटकांतील स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. बंगालमध्येही प्रथम तसेच होते. 1873 मध्ये कवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्या सल्ल्यावरून 'बेंगॉल थिएटर'ने प्रथमच चार स्त्रियांना रंगभूमीवर आणले. समाजात मोठी खळबळ उडाली. स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनाही हे रुचले नाही. प्रेक्षक या नटींचे गाणे ऐकत आणि टाळ्या देत. पण आपल्या घराची पायरी मात्र त्यांना चढू देत नसत. नटीला पैसा मिळे, प्रसिद्धी मिळे. मान मिळत नसे.

अशा जगात विनोदिनी वाढली. पुढे 'बेंगॉल थिएटर'मध्ये तिने बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांवरील नाटकांत कामे केली. 'मृणालिनी' नाटकातील तिची मनोरमा पाहण्यास स्वतः बंकिमचंद्र आले होते. आपण कागदावर रेखाटलेली मनोरमा डोळ्यांपुढे सजीव झालेली पाहून ते चकित झाले. 1877 च्या सुमारास नट व नाटककार गिरीशचंद्र घोष यांच्यासारखा गुरू तिला लाभला. ते तिला काव्याचा अर्थ उलगडून सांगत, विलायतेतील थोर अभिनेत्रींच्या कथा सांगत. केवळ पाठ केलेली वाक्ये म्हणणे म्हणजे अभिनय नव्हे, हे ती त्यांच्यापाशी शिकली. 'मेघनादवध' या एकाच नाटकात तिने सात निरनिराळ्या भूमिका केल्या!

गिरीशबाबू व त्यांच्या सहकाऱ्यांना आता स्वतःचे नाट्यगृह हवे होते. पण पैसा कोठून आणावयाचा? गुरुमुख राय नावाचा एक तरुण धनिक पुढे आला. मात्र त्याची एक अट होती. विनोदिनीने आपले स्वातंत्र्य सोडून त्याच्या आश्रयाने राहावे, तरच तो नाट्यगृह बांधून देणार होता. सहकाऱ्यांनी तिला गळ घातली. मनाला यातना होत असतानाही तिने हे मान्य केले. पुढे नाट्यगृहाऐवजी रोख 50 हजार रुपये घे आणि नाटक सोड, असेही गुरुमुख रायने तिला सुचविले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी! पण तिने ती नाकारली. तिला नाट्यगृहच हवे होते.

बीडन स्ट्रीटवर बांधकाम सुरू झाले. विनोदिनी मजुरांच्या बरोबरीने मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहू लागली. तिच्या नावाच्या आद्याक्षरावरून नाट्यगृहाला 'बी थिएटर' म्हणावयाचे, असे सर्वांनी तिला सांगितले होते. आपल्या मागेही आपले नाव राहील, या आनंदात ती होती. एके दिवशी मंडळी नाट्यगृहाची नोंदणी करून परतली. कोणते नाव नोंदविले, असे तिने उत्सुकतेने विचारले. उत्तर मिळाले, 'स्टार'! ते ऐकून तिच्या तोंडून शब्द फुटेना. एका नटीचे नाव दिले तर प्रतिष्ठित लोक तेथे फिरकणार नाहीत, असे भय सहकाऱ्यांना वाटले असावे. तिचा त्याग त्यांना हवा होता. तिचे नाव नको होते.

तरीही 21 जुलै 1883 रोजी 'स्टार'चा पडदा वर गेला, तेव्हा 'दक्षयज्ञ' नाटकात सतीच्या वेषात विनोदिनीच उभी होती.

पुढील वर्षी गिरीशबाबूंचे 'चैतन्यलीला' हे गीतांनी भरलेले नाटक रंगमंचावर आले. त्यात विनोदिनीने चक्क चैतन्य महाप्रभूंची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. प्रयोगाच्या दिवशी ती पहाटे गंगास्नान करी आणि मन एकाग्र करून भूमिकेत शिरे. कृष्णभक्तीने देहभान विसरलेला तो तरुण संन्यासी पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहत. 21 सप्टेंबर 1884 रोजी श्रीरामकृष्ण परमहंस हे नाटक पाहण्यास आले. प्रयोग संपल्यावर विनोदिनीने त्यांच्या चरणी मस्तक ठेवले आणि त्यांनी तिला आशीर्वाद दिला. समाजाने दूर लोटलेल्या त्या नटीला हा आशीर्वाद जन्मभर पुरला. हीच विनोदिनी 'विवाहविभ्राट' या प्रहसनात एका छानछोकीच्या, नव्या वळणाच्या स्त्रीचे सोंग घेऊन प्रेक्षकांना पोट धरधरून हसवी!

यशाच्या शिखरावर असतानाच, 1 जानेवारी 1887 च्या प्रयोगानंतर तिने रंगभूमीचा निरोप घेतला. त्या वेळी तिचे वय अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. पुढे तिला एक कन्या झाली. तिचे नाव शकुंतला. मुलीने शिकावे, ही विनोदिनीची मोठी आस होती. पण नटीच्या मुलीला शाळेचे दार उघडले नाही. ती गुणी मुलगी बालवयातच मरण पावली.

या दुःखातही विनोदिनी खचून गेली नाही. तिने लेखणी हाती धरली. कविता लिहिल्या आणि 1912 मध्ये 'आमार कथा' म्हणजे 'माझी कथा' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आपली भीती, आपला आनंद आणि झालेली फसवणूक हे सारे तिने त्यात निर्भयपणे सांगितले आहे. फसविणाऱ्यांबद्दलही तिने त्यात कृतज्ञताच अधिक दाखविली, हे तिच्या मनाचे मोठेपण होय. 1941 साली तिचे निधन झाले.

बीडन स्ट्रीटवरील ते नाट्यगृह आज उरलेले नाही. पण 'स्टार'च्या मंडळींनी 1888 मध्ये हातीबागान भागात दुसरे नाट्यगृह उभारले होते. 1991 च्या आगीनंतर तेही नव्याने बांधावे लागले. 2024 च्या डिसेंबरअखेर या नाट्यगृहाला विनोदिनीचे नाव देण्यात आले. जिने एकेकाळी मातीच्या पाट्या वाहिल्या, तिचे नाव नाट्यगृहाच्या दारावर येण्यास एकशे एकेचाळीस वर्षे लागली.