बंदुकीकडून वाळ्याकडे

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या अशी बदके हजारोंनी उतरतात. या जलाशयाला महाराष्ट्राचे भरतपूर हे नाव डॉ. सलीम अलींनी दिले, असे आपल्याकडे सांगतात. त्या नावाचे मोल त्यांचे चरित्र वाचल्यावर कळते.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. मामांना शिकारीचा नाद. भाच्याच्या हातीही छऱ्यांची बंदूक आली. एकदा त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. साहेबांनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले, आणि मुलाला जन्माची वाट सापडली.

वाट मात्र खडतर होती. गणिताच्या धास्तीने कॉलेज सुटले. ब्रह्मदेशातील धंदा बुडाला. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तो म्युझियममधील जुनी नोकरीही उरली नव्हती. तेव्हा पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केले की ते पुरे करतो, आणि लगेच दुसरे विणावयास घेतो, हे त्यांनी तेथे तासन्‌तास बसून टिपले. त्या निरीक्षणाने त्यांचे नाव झाले.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत भरतपूरला ४,२७३ पक्षी पडले. महाराजांनी तो जलाशय बदकांच्या शिकारीसाठीच राखला होता. स्वातंत्र्यानंतर ते पाणी शेतीला द्यावे अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना साकडे घालून तो वाचविला. बिहारचे पिढीजात पक्षी धरणारे मिरशिकार त्यांनी कामाला घेतले. धरलेल्या बदकाच्या पायात क्रमांकाचे वाळे घालून ते सोडून देत. दूर सायबेरियात ते पुन्हा सापडले की त्याचा प्रवास उलगडे. अभ्यासासाठी आपणही पक्षी मारले, हे मात्र त्यांनी कधी लपविले नाही.

आमच्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्यांना पदवीचे फार अप्रूप असते, आणि ते खोटे नाही. पदवीवाचून अडलेल्या या माणसाला पुढे अलीगढ व दिल्ली विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले. पुढच्याच वर्षी, २० जून १९८७ रोजी, ते गेले. २०२० मध्ये आपला हा जलाशय महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. तेथे उतरणाऱ्या एखाद्या बदकाच्या पायात वाळे दिसले, तर त्या चिमणीची आठवण व्हावी.