जोडेघाटचे कुमराम भीम

विसाव्या शतकाच्या आरंभी आसिफाबादजवळच्या संकेपल्लीत, एका गोंड कुटुंबात, कुमराम भीम यांचा जन्म झाला. आदिलाबादचा हा अरण्यप्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते राखीव वनात गेली किंवा बाहेरच्यांच्या नावे झाली. गुरे चारण्यावरही कर बसला. भीम यांनी पाणी, वन आणि जमीन यांवर हक्क सांगितला, बारा गावे संघटित केली आणि शस्त्र उचलले. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना त्यांना वीरमरण आले.

बंडाने हादरलेल्या शासनाने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी पाठविले आणि पुढे अनेक कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. भीम यांचे पहिले स्मारक तेच.

कालांतराने हैदराबादच्या टँकबंडवर त्यांचा पुतळा आणि जोडेघाटला संग्रहालय उभे राहिले. २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन आसिफाबाद जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. आश्विन पौर्णिमेच्या पुण्यतिथीला जोडेघाटला अधिकारी दरबार भरवून आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात. ज्या कचेरीच्या पाटीवर भीम यांचे नाव कोरले आहे, तिच्या दारातून जमीन कसणारा गोंड रिक्त हस्ते परतू नये, एवढीच त्या नावाची मागणी आहे.